भिंतीवरून परतणारी लाट

अपोलो बंदराजवळ नवखा माणूस शिडाची होडी हाकू लागला, की त्याची सुकाणाशी सारखी झटापट चालते. वारा बेताचा असतो, तरी होडी नाचत असते. दोष त्याचा नसतो, काठाचा असतो. गेटवेच्या दोन्ही अंगांना दगडी धक्का सरळ उभा आहे. त्यावर आपटलेली लाट तिथे संपत नाही. उलटून येते आणि मागच्या लाटेला भिडते. त्यात लाँचींची सततची ये-जा. समोरची लाट सांभाळावी, तर दुसरी बगलेतून ढुशी देते.

वाऱ्याचंही तेच. दुपारी वायव्येचा वारा शहर ओलांडून बंदरात उतरतो, तेव्हा कुलाब्याच्या उंच इमारती त्याचे तुकडे पाडतात. दोन टॉवरांच्या फटीतून एकदम झोत येतो, होडी कलते, आपण दोर सैल सोडेपर्यंत वारा गायब आणि शीड लुळं.

जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या डावीकडे टाकून पुढे गेलं, की न्हावा-शेव्याच्या क्रेन आणि आपण यांच्यामध्ये घारापुरी येते. बेटाचा डोंगरही वारा अडवतो, पण त्याला उतार आहे. वारा कुठे पडणार याचा अंदाज तो बघूनच बांधता येतो. खरा फरक मात्र कांदळवनाकडे सरकताना जाणवतो. आधी लांबच लांब उथळ चिखल लागतो आणि तिथेच लाटेचा जोर ओसरू लागतो. उरलेली लाट तिवरांच्या चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांत शिरते आणि परत येत नाही. सुकाणावरची मूठ आपोआप सैल होते.

या चिखलाशी सलगी मात्र करू नये. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं, की घारापुरीला लांबलचक जेटी बांधावी लागली; पर्यटकांसाठी तिच्यावर छोटी गाडीही धावते. वेळापत्रक न बघता आत घुसलेल्याने पुढची भरती येईपर्यंत चिवडा खात बसावं!

हा काठ वाचला तो निसर्गप्रेमामुळे, असं मी म्हणणार नाही. घारापुरीला लेण्यांचं कवच आहे. त्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पश्चिमेला बॅक बेमध्ये गेलात तर मलबार हिलच्या टोकाशी झाडी आणि काळा कातळ जसाच्या तसा दिसतो, कारण तिथे राज्यपालांचं निवासस्थान आहे. देवामुळे किंवा राज्यपालांमुळे का होईना, काठ राहिला. मला कारणाशी भांडायचं नाही. तिवरांना देव आणि राज्यपाल दोन्ही नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी २०१८ साली उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

शिकायला येणाऱ्यांना मी घारापुरीच्या वाटेवर डोळे मिटायला लावतो आणि विचारतो, भिंत जवळ की लांब? सुरुवातीला सगळे कानाने ओळखू पाहतात. मग कुणीतरी पायाखालच्या फळीकडे लक्ष देतं आणि बरोबर सांगतं. अशा माणसाच्या हाती परतीला मी सुकाण देतो.