टाकीच्या झाकणाचं भोक

यंदा ऐन सोयाबीन पेरणीत ट्रॅक्टरनं तीन दिवस खाल्ले. रान वाफशावर आलेलं, आभाळ भरून आलेलं, आणि गडी अर्धा तास चालला की आवाज बसायचा, भुकभुक करत बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू.

मिस्त्रीला फोन लावला. म्हणाला, पंप उतरवावा लागेल. त्याला दोष देत नाही, लांबून तो तरी काय बघणार? मी घाईत आधी डिझेल फिल्टर बदलला आणि स्वतःच नवं दुखणं लावून घेतलं. लाईनीत हवा शिरली, आता चालूच होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसवली.

आमचे चुलते नाना, जन्म विहिरीवरच्या इंजिनापाशी गेलेला. बांधावर येऊन म्हणाले, "आरं, पंपाला हात लावू नको. टाकीपासून खाली ये."

मग हवा काढायला बसलो. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाची दांडी हातानं मारायची. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. तसंच पुढं पंपाच्या स्क्रूवर. (नोझलच्या धारेपुढं हात कधी धरू नका. ती धार कातडीतून आत घुसते.) पण माझे बुडबुडे थांबेचनात. नाना म्हणाले, जुनाच वॉशर घातलास ना? खरं होतं. फीड पंपाच्या पुढं गळती असली तर डिझेल बाहेर ठिबकतं, दिसतं. टाकी ते फीड पंप या भागात मात्र पंप ओढत असतो, तिथं बाहेर थेंब न दिसताही हवा आत शिरते. नवा तांब्याचा वॉशर घातला, बुडबुडे थांबले, ट्रॅक्टर चालू झाला.

अर्ध्या तासानं पुन्हा बंद!

"आता लगेच टाकीचं झाकण उघड," नाना म्हणाले. उघडलं तर फुस्सकन हवा आत गेली. झाकणाचं श्वासाचं भोक कुंभारमाशीनं मातीनं लिंपून टाकलेलं. उन्हाळाभर ट्रॅक्टर शेडात उभा होता ना. डिझेल जाईल तशी टाकीत हवा यायला वाट नाही, मग पंप ओढणार कुठून? थांबल्यावर हळूहळू हवा झिरपायची, म्हणून पुन्हा चालू व्हायचा. झाकण काढून बाजूला नेलं, तारेनं भोक मोकळं केलं. खर्च शून्य.

त्या रात्री पाऊस झाला आणि राहिलेले दोन एकर नऊ दिवस लांबले. तिथलं सोयाबीन अजून वीतभर मागं आहे. पेरणीआधी झाकण बघणं आता पोराच्या अंगावर टाकलंय, आणि वॉशरची डबी सीटखाली असते.