हाताला सैल धरता येईल अशी पकड

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वाशिंदच्या बाजारपेठेतील त्या जुन्या किराणा दुकानात गिऱ्हाईक तुरळकच होते. गल्ल्यावर बसलेले काका चष्मा सारखा करीत एका लहानशा कॅमेऱ्याच्या पडद्यावर आदल्या दिवशीची छायाचित्रे पाहत होते. मुरबाडला थोरल्या बहिणीच्या घरी ती काढलेली होती. एकूण अकरा. ताई तबक हाती घेऊन उभ्या होत्या, निरांजन लावलेले होते, मागे नातवंडे होती. परंतु एकही छायाचित्र स्पष्ट नव्हते. निरांजनाची ज्योत रेघेसारखी ओढली गेली होती आणि ताईंच्या डोळ्यांच्या जागी दोन पुसट छाया उरल्या होत्या.

जैन घरांतून भाऊबीजेला एक निराळी आठवण जोडलेली आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर शोकाकुल झालेल्या नंदिवर्धनाला बहीण सुदर्शना हिने आपल्या घरी नेऊन जेवू घातले आणि त्याचे सांत्वन केले, अशी परंपरा सांगते. काकांच्या घरी हा दिवस कधी चुकला नाही. ताईंचे वय आता ब्याऐंशी. पाटावर बसायच्या आधी त्या हसत म्हणाल्या होत्या, “भाऊ, एक चांगला फोटो काढून ठेव. पुढच्या वर्षी मी असेन, नसेन.” काका म्हणाले होते, “ताई, सणासुदीला असं बोलू नकोस.” आता गल्ल्यावर बसून ते पुसट चित्र पाहताना तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानांवर येत होते.

कॅमेरा नातवाने दिलेला होता. सोनी कंपनीचा आरएक्स-१०० हा पहिला नमुना, २०१२ साली बाजारात आलेला. खिशात मावेल एवढा, बॅटरीसह वजन अवघे २४० ग्रॅम. आणि तरीही त्या काळच्या खिशातल्या कॅमेऱ्यांपेक्षा त्याचे प्रकाशग्राहक पटल बरेच मोठे, म्हणजे १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचे. त्यामुळे कमी उजेडातही त्याचे चित्र चांगले येई आणि त्याचे नाव झाले. नातू पुढे मोबाइलवरच छायाचित्रे काढू लागला आणि कॅमेरा आजोबांकडे आला. मात्र त्या कॅमेऱ्यात एक उणीव होती. त्याचे अ‍ॅल्युमिनियमचे अंग साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होते. बोटांना अडकायला पुढच्या बाजूस लहानसा उंचवटाही नव्हता. डोळ्याला लावून पाहण्याची खिडकी नसल्याने तो हात पुढे करून, बोटांच्या टोकांवर तोलूनच धरावा लागे.

काकांना वडिलांचा आग्फा क्लिक थ्री आठवे. तो चौकोनी डबा दोन्ही हातांत भरभक्कम बसत असे. एका फिल्मवर बाराच छायाचित्रे निघत, म्हणून प्रत्येक वेळी श्वास रोखून कळ दाबली जाई. वडिलांनी तो कॅमेरा घेतला तेव्हा त्याबरोबरची चामड्याची पेटी मात्र दुकानदाराला परत केली होती. आईने शिवलेल्या जाड कापडाच्या पिशवीतच तो अखेरपर्यंत राहिला.

छायाचित्रे का हलली, याचे काकांनी घरात दिलेले कारण एकच होते: “कॅमेरा निसरडा आहे.” ते खोटे नव्हते, परंतु पूर्णही नव्हते. गेल्या दोन वर्षांपासून त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटत असे. हात मांडीवर असताना काही जाणवत नसे. पेला, लेखणी, कॅमेरा असे काही धरले की तो सुरू होई. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून वयोमानाचा कंप असल्याचे आणि घाबरण्यासारखे काही नसल्याचे सांगितले होते. काकांनी ती गोष्ट मुलाला सांगितली नव्हती. मालाच्या गाड्या, उधारीच्या वह्या, धनादेश, सगळे अजून त्यांच्याच सहीने चालत होते. हात थरथरतो हे एकदा उच्चारले की गल्ल्यावरून उठावे लागेल, अशी त्यांची धास्ती होती.

म्हणून त्यांनी कॅमेऱ्यासाठी ग्रिप, म्हणजे हाताची पकड, शोधायचे ठरवले. निदान तेवढा दोष तरी दूर करता येण्याजोगा होता.

व्यापाऱ्याचा स्वभाव असा की वस्तू घेण्यापूर्वी तिचा जमा-खर्च मांडला जातो. एका रविवारी काकांनी वाशिंदहून सकाळची लोकल धरली. कल्याणहून पुढे निघालेला लोहमार्ग १८५५ साली वाशिंदपर्यंत पोहोचला होता. त्याच मार्गाने या घराच्या चार पिढ्या माल आणायला मुंबईला गेल्या. मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. तेथे त्यांनी दुपारपर्यंत एकेक प्रकार हाताळला आणि परतीच्या गाडीत दुकानाच्या जुन्या वहीत दोन रकाने आखले.

पहिला प्रकार पुढच्या बाजूस चिकटवायच्या लहान ग्रिपचा. सोनीने स्वतःच एजी-आर१ आणि पुढे एजी-आर२ या नावांनी अशा ग्रिप वेगळ्या विकल्या. अमेरिकेत अ‍ॅल्युमिनियम कोरून घडवलेल्या ग्रिपही या कॅमेऱ्यासाठी निघाल्या. जमेच्या बाजूस: वजन नगण्य, कॅमेरा खिशात जातो, मधल्या बोटाला आधार मिळतो. नावे टाकायचे ते एवढेच की एकदा चिकटवली की जागा बदलणे अवघड. दुसरा प्रकार खाली तिकाटण्याच्या पाव इंची आट्यात स्क्रूने बसणाऱ्या पट्टीचा, जिच्या बाजूला मूठ उभी असते. हाताला ती उत्तम भरते. पण या कॅमेऱ्याची बॅटरी आणि कार्ड खालच्याच झाकणातून निघतात. पट्टीला तेथे खाच नसेल तर दर वेळी स्क्रू काढत बसावे लागते. तिसरा प्रकार सिलिकॉनच्या आवरणाचा. पकड बरी, किंमत कमी. मात्र घामाने आणि धुळीने ते चिकट होते आणि कळांवर सरकते.

चौथा प्रकार सर्वांत देखणा होता. तपकिरी चामड्याचा अर्धा कोट, पुढच्या बाजूस मुठीसाठी हलका फुगवटा, शिलाई पांढऱ्या दोऱ्याची. तो हातात घेतल्याबरोबर कॅमेरा स्थिर झाल्याचे काकांना जाणवले. दुकानदार म्हणाला, “शेठ, यापेक्षा चांगलं काही नाही.” काकांनी तो क्षणभर धरून ठेवला आणि परत काउंटरवर ठेवला. कापडी पिशवीतला आग्फा त्यांना आठवला. दुकानदाराने तत्परतेने दुसरा काढला, “हे घ्या, रेक्झिनचं आहे, दिसायला सारखंच.” पण त्याचा आकार सैल होता, हातात कॅमेरा आतल्या आत सरकत होता. जे सोडले त्याची नक्कल घेऊन समाधान व्हावे, हेही त्यांना रुचले नाही. त्या रकान्यापुढे त्यांनी काही न लिहिता रेघ मारली.

राहिला प्रश्न, चिकटवायची ग्रिप नेमकी कोणत्या आकाराची आणि कोठे. एकाच्या मुठीचे माप दुसऱ्याला लागू पडत नाही. हा प्रश्न सुटला तो स्वयंपाकघरात. सुनेने काकांना कॅमेरा वेगवेगळ्या तऱ्हेने धरून पाहताना दोन-तीनदा पाहिले होते. एका संध्याकाळी पोळ्यांची कणीक मळून झाल्यावर ती म्हणाली, “पप्पा, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पुढच्या बाजूला हा गोळा लावते. तुम्ही नेहमीसारखा धरा.” काकांनी धरला. कणकेत बोटांचे ठसे उमटले. मधले बोट समजले होते त्यापेक्षा बरेच खाली आणि लेन्सच्या कड्याजवळ येत होते. जाड मूठ लावली असती तर बोट त्या कड्यावर दाबून बसले असते. डाव्या हाताचे बोट फ्लॅश वर येतो त्याच झाकणावर होते आणि अंगठा मागच्या बाजूस चित्रफितीच्या लाल कळेला टेकत होता. काकांच्या कार्डावर कोणी न काढलेल्या आठ-दहा चित्रफिती का सापडत, याचा उलगडा तेव्हा झाला.

सुनेची नजर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होती. ठसे एकेरी नव्हते. प्रत्येक बोटाचा ठसा काठाशी थरथरून रुंदावला होता. तिने मान वर करून पाहिले. काकांनी कॅमेरा खाली ठेवला. दोघेही काही बोलले नाहीत. तिने कणीक पुन्हा मळायला घेतली.

त्यानंतर आठवडाभरातच एक धनादेश परत आला. कारण होते: सही नमुन्याशी जुळत नाही. माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचा फोन मुलाने घेतला. चाळीस वर्षांच्या व्यवहारात या पेढीचा धनादेश परत गेला नव्हता. रात्री दुकान वाढवल्यावर मुलाने शांतपणे विचारले, “पप्पा, हाताला काय होतंय?” काकांनी प्रथम लेखणीचा दोष सांगितला, मग घाईचा. शेवटी त्यांनी हात पुढे केला आणि एक पेला उचलून दाखवला. पाणी काठावरून सांडले. मुलगा म्हणाला, “एवढंच ना? मग सांगितलं का नाही?” काकांजवळ उत्तर नव्हते.

बँकेत जाऊन सहीचा नवा नमुना देण्यात आला आणि पेढीच्या खात्यावर मुलालाही सहीचा अधिकार मिळाला. दोन कागद आणि अर्धा तास, एवढेच ते काम होते. काकांनी त्याची धास्ती दोन वर्षे बाळगली होती. गल्ल्यावरची त्यांची जागा तशीच राहिली; जड लिखापढी तेवढी मुलाकडे गेली.

ग्रिप त्यांनी चिकटवायचीच निवडली, पातळ आणि लहान. कॅमेऱ्याचे अंग मऊ कापडाने पुसून कोरडे केले, कणकेतल्या ठशाप्रमाणे कागदाचा तुकडा कापून जागा आखली आणि मगच ती दाबून बसवली. एक पूर्ण दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही, गोंद पक्का धरावा म्हणून. पुढे कधी ती काढावी लागली तर थोडी ऊब देऊन मजबूत दोरा खालून ओढत न्यायचा, हेही त्यांनी वहीत नोंदवले. मनगटाची दोरी मात्र त्यांनी कायम ठेवली. ग्रिप पकड देते, पडणारा कॅमेरा झेलत नाही.

पहिल्या दिवशी त्यांची निराशाच झाली. चित्रे पूर्वीसारखीच हलत होती. सुट्टीवर आलेल्या नातवाने नीट पाहिले आणि म्हणाला, “दादा, तुम्ही अजून आवळून धरताय. आता गरज नाही.” त्यात मर्म होते. गुळगुळीत वस्तू सुटेल या भीतीने हात ती आवळतो आणि जितका आवळतो तितका स्नायूंचा कंप वाढतो. बोटाला टेकण्यापुरता उंचवटा मिळाला की आवळण्याचे कारण उरत नाही. ग्रिपचे काम कॅमेरा घट्ट धरण्याचे नसून तो सैल धरता येण्याचे आहे, हे काकांना तेव्हा समजले.

बाकीच्या गोष्टी नातवाने शिकवल्या. कोपरे बरगड्यांना टेकवायची, शक्य तर भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला खांदा लावायचा. लेन्स जवळ ओढून घेण्याऐवजी दोन पावले पुढे जायचे, कारण लेन्स जितकी ओढावी तितका हाताचा हलका झटकाही चित्रात मोठा होतो. फिरत्या चकतीवर ‘एस’ निवडून वेग सेकंदाच्या १/१२५ वर ठेवायचा. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची सोय बारीक कंप सावरते, पण मोठा कंप फक्त वेगानेच थांबतो. आणि वेळ असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे कळ दाबण्याचा धक्का चित्रात उतरत नाही. वर्षभर काकांनी भातसा नदीकाठी, माहुलीच्या डोंगराकडे तोंड करून, दुकानातल्या गुळाच्या भेलीसमोर उभे राहून सराव केला. दहांपैकी दोन चित्रे स्पष्ट येत ती हळूहळू सहा येऊ लागली. दहा कधीच आली नाहीत.

पुढची भाऊबीज आली. शहापूरमार्गे मुरबाडला पोहोचेपर्यंत उन्हे चढली होती. ताई वर्षभरात आणखी वाकल्या होत्या, परंतु तबक त्यांनी स्वतःच हाती घेतले. काका दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे राहिले, कोपरे अंगाशी घेतली, मधले बोट ग्रिपवर टेकवले. पडद्यावर पाहताना त्यांच्या ध्यानात आले की तबकातले निरांजन थरथरते आहे. वारा नव्हता. ताईंचा हातही त्यांच्या हातासारखाच कापत होता आणि गेल्या वर्षी सगळा दोष आपल्या हाताला देताना त्यांनी तो पाहिलाच नव्हता.

“ताई, घट्ट धरू नकोस,” काका म्हणाले, “तबक खालून तळहातावर ठेव आणि बोटं सैल सोड.”

ताईंनी तसे केले. काकांनी कळ दाबली. त्या दिवशी नऊ छायाचित्रे निघाली. त्यांतील चारांमध्ये ज्योत उभी आहे आणि ताईंचे डोळे स्पष्ट दिसतात. त्यांतले एक आता दुकानात, गल्ल्याच्या वरच्या भिंतीवर लावलेले आहे. नीट पाहिले तर तबकाच्या कडेला सांडलेल्या तुपाचा एक थेंबही त्यात दिसतो.