प्रश्नांची वही घेऊन भिलारला

गेल्या जानेवारीतील एका रविवारी आम्ही वस्तीतील अठरा मुले, चार महिला आणि दोन कार्यकर्ते असे पुण्याहून पहाटेच्या एस.टी.ने भिलारला निघालो. सहल म्हटली की टेबललँड, घोड्यावरची रपेट, महाबळेश्वरचे पॉइंट हे ठरलेलेच. आम्ही मात्र मुलांना आधीच बजावले होते, की घोडा नाही, स्ट्रॉबेरी माणशी चार, आणि प्रत्येकाने स्वतःला पडलेला एक प्रश्न वहीत लिहून आणायचा. त्याचे उत्तर तिथल्या पुस्तकांत शोधायचे. "सर, मार्क आहेत का?" असे एकाने विचारलेच. नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला.

मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले, लहान मुलांना ते आधीपासून होतेच. त्यामुळे वर्गणी थोडी असूनही जमले. आम्ही पडलो कारकून, असा हिशेब आधी सुचतो.

वाईला गाडी थांबली तेव्हा मुलांना सांगितले, मराठी विश्वकोश याच गावात बसून तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि खंडांची संख्या पुढे वीसपर्यंत गेली. त्याच मंडळाने पुढे मुलांसाठी कुमार विश्वकोशही काढला. मुले खिडकीतून वडेवाल्याकडे बघत होती. पसरणीचा घाट लागला तसे बोलणे थांबले, दोघांना उलटी झाली. पाचगणी ओलांडून पुढे मुख्य रस्त्यावरून भिलारचा फाटा लागतो.

भिलार हे पुस्तकांचे गाव ४ मे २०१७ रोजी सुरू झाले. वेल्समध्ये हे-ऑन-वाय नावाचे गाव आहे. तिथे रिचर्ड बूथ यांनी १९६२ साली जुन्या पुस्तकांचे दुकान काढले आणि हळूहळू सारे गाव पुस्तकांचे झाले. त्यावरून ही कल्पना आपल्याकडे आली. फरक असा, की तिथे पुस्तके विकतात आणि भिलारमध्ये लोकांनी आपल्या घरातली खोली, ओसरी पुस्तकांना दिली आहे. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात मुलांची पुस्तके. पैसे न देता बसून वाचायचे. परक्याच्या घरात पाय टाकायला आमची मुले आधी बिचकली. चपला काढून दाराशीच उभी राहिली. "या ना बाळांनो, आत या," असे घरच्या आजी म्हणाल्या तेव्हा आत गेली.

मुलांच्या पुस्तकांत मराठीत गोष्टींचा भरणा फार. त्याला आमची हरकत नाही. पण माहितीची पुस्तके म्हणून घराघरांत जी येतात ती बहुधा सामान्य ज्ञानाची. अमुक देशाची राजधानी कोणती, सर्वांत उंच शिखर कोणते. त्यात 'का' हा शब्द सापडत नाही. 'का' विचारणाऱ्या पोराला आपणही "गप बस" म्हणतो. आम्हीही म्हटले आहे.

स्ट्रॉबेरीचा प्रश्न तिथेच सुटला. बिया बाहेरून का चिकटल्यात, असे पाचवीतल्या मुलाने लिहून आणले होते. वनस्पतींच्या पुस्तकात उत्तर मिळाले. त्या बारीक बिया वाटतात ते एकेक खरे फळ असते आणि आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला बुडखा. पोरगा वाट्याच्या चार स्ट्रॉबेऱ्या तासभर खाईनाच, नुसता मोजत बसला.

सातवीतली एक मुलगी वही छातीशी धरून होती. दाखवेना. शेवटी आमच्यातल्या एका ताईंनी पाहिली. "गटारात उतरलेला माणूस बेशुद्ध का पडतो?" तिचे वडील एका कंत्राटदाराकडे ड्रेनेजच्या कामावर आहेत. माणसाला असे उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, हे आम्ही सभांतून किती वेळा बोललो असू. पण हा तिचा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता, आणि उत्तरही येत नव्हते. बी.कॉम.ला रसायन नव्हते, एवढेच सांगता आले.

शरीराच्या पुस्तकात फुप्फुसे होती, गटार नव्हते. पर्यावरणाच्या पुस्तकात नदीचे प्रदूषण होते. जेवणाची वेळ झाली तरी पोरगी उठेना. तेव्हा तिला बरे वाटावे म्हणून आम्ही मायकेल फॅरडे यांची हकिकत सांगितली. लंडनच्या लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागला. त्यांत जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्राचे पुस्तक होते. शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संभाषणातून लिहिलेले, मुली विचारतात आणि बाई सांगतात. पुढे मोठा शास्त्रज्ञ झाल्यावर त्याने मुलांपुढे नुसत्या मेणबत्तीवर व्याख्याने दिली. त्यांचे पुस्तक १८६१ साली निघाले. "मग त्या दोन मुलींनी गटाराचं विचारलं का?" ती म्हणाली. आम्ही निरुत्तर.

दुपारी दोनच्या सुमारास विज्ञानाच्या कपाटात शाळकरी मुलांसाठीचे एक जुने रसायनाचे पुस्तक सापडले, पाने पिवळी पडलेली. त्यात हायड्रोजन सल्फाइडवर दीड पान होते. तिने ते सगळे उतरवून घेतले. हवा न लागता घाण कुजली की जिवाणूंमुळे हा वायू तयार होतो. हवेपेक्षा जड, म्हणून खाली खड्ड्यात साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला वाटते, वास गेला.

रात्री वस्तीत पोहोचलो तेव्हा तिचे वडील कोपऱ्यावर वाट पाहत उभे होते. दिव्याखालीच तिने वही उघडून वाचून दाखवले. शेवटच्या ओळीवर ते म्हणाले, "परत वाच." तिने परत वाचले. जरा वेळाने ते आम्हाला म्हणाले, "सर, आम्ही तर झाकण उघडून वास जायची वाट बघतो. वास गेला की उतरतो."

सकाळी ती वही मागायला आली तेव्हा आम्हाला कळले, वडील ती घेऊन कामावर गेले होते.