बेबाक कार्ड

नागभीड-सिंदेवाहीकडच्या एका घरात ते राहतं. घर कास्तकाराचं, जमीन साडेतीन एकर, सगळी धानाची, धुऱ्यावर थोडी तूर. सरकारी नाव किसान क्रेडिट कार्ड, गावात केसीसी. मुक्काम भिंतीतल्या उंच खिळ्याला टांगलेल्या, कृषी केंद्राच्या नायलॉनच्या पिशवीत, म्हणजे उंदरांच्या आणि वाळवीच्या आवाक्याबाहेर. शेजाराला सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स आणि कधीकाळच्या बियाण्याची पावती. त्या सगळ्यांत मान याचा. पिशवी उघडली की पहिलं हेच बाहेर येतं.

खरं तर ती भावंडं दोन. थोरलं घडीचं, कार्ड आणि पासबुक एकत्र असलेलं. धाकटं प्लास्टिकचं, रुपे. धाकटं ज्या लिफाफ्यातून आलं त्यातच अजून आहे, पिनच्या कागदासकट. एटीएम तालुक्याला, आणि तिथवर गेलंच तर बँक समोरच आहे. माणसं बसलेली असताना यंत्राशी काय बोलायचं, असा मालकाचा विचार. थोरल्याची मुदत कधीच संपली, तरी त्याला फेकून द्यायची कोणाची छाती नाही. त्याच्या पहिल्या पानावर मालकाचा पासपोर्ट फोटो आहे, मिशी काळीभोर असतानाचा. शाखेचा गोल शिक्का फोटोवर अर्धा बसल्यामुळे एक गाल जांभळा झालाय. खाली नाव, गाव, हेक्टर-आरमध्ये जमीन, कर्जमर्यादा, वैधता. आत उचल आणि भरणा. पावसाळ्याच्या तोंडावर उचलीची ओळ, मार्चमध्ये भरण्याची. पान उलटलं की पुन्हा तेच. शेवटच्या रकान्यात दरवर्षी एकदा शून्य येतं, आणि ते शून्य लिहिताना बँकेतल्या बाबूनं दरवेळी खाली दोन रेघा मारल्यात. कर्ज बेबाक झालं.

योजनेचा जन्म 1998 चा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हांनी घोषणा केली आणि नाबार्डनं योजनेचा नमुना आखला. त्याआधी दर हंगामाला नवा अर्ज, नवे दाखले, नव्या चकरा. कार्डानं एवढं केलं की एकदा मर्यादा ठरली की काही वर्षं चकरा कमी झाल्या. मर्यादेचं गणितही एका ठरलेल्या साच्यातलं: जिल्ह्याची तांत्रिक समिती दर पिकाला हेक्टरी किती लागतात ते ठरवते, त्याला जमिनीनं गुणायचं. 2012 च्या सुधारणेनंतर त्यात घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी 10 टक्के, अवजारांच्या डागडुजीसाठी 20 टक्के जास्तीचे धरतात. कास्तकाराच्या घरात माणसं जेवतात हे मान्य करणारा सरकारी कागद विरळाच, म्हणून मला त्या 10 टक्क्यांचं कौतुक आहे.

बाकी बाबतीत मात्र ते अंमळ अडाणीच. पिकाच्या रकान्यात नुसतं ‘धान’. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी स्वतःच्या तुकडाभर जमिनीत ओंब्या निवडून एचएमटी तांदूळ उभा केला, घड्याळाच्या नावानं तो देशभर गेला. कार्डाला त्याचं काही नाही. त्याच्याकडे रानडुकराचा रकाना नाही. वाघामुळे रोवणीच्या बाया सकाळी लवकर धानाच्या बांधीत उतरत नाहीत, हे त्याला कळत नाही. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून गडचिरोलीत रानहत्ती उतरले आणि कापणीला आलेला धान तुडवत फिरले. हत्तीचाही रकाना नाही. आणि गडचिरोलीत, जिथं दोन तृतीयांशांहून जास्त जिल्हा जंगल आहे, तिथं वनहक्काच्या पट्ट्यावर कसणाऱ्याच्या दारात हे कार्ड बिचकतच उभं राहतं. पट्टा वारशानं मिळतो, पण विकता येत नाही. मग तारण काय घ्यायचं, हा बँकेचा प्रश्न. विनातारण मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांवर गेली, तरी सवय लगेच जात नाही.

तारखेला मात्र ते पक्कं. मृगाच्या आसपास पिशवीतून निघतं, पऱ्हे टाकायच्या वेळी खताच्या दुकानात आणि रोवणीला मजुरीत त्याचा पैसा जातो. मग चार महिने कोणी विचारत नाही. दिवाळीनंतर बांधीत पुंजणे लागतात, चुरणी होते, धान आविका म्हणजे आदिवासी विविध कार्यकारी संस्थेच्या किंवा फेडरेशनच्या खरेदी केंद्रावर जातो. 2025-26 साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. तो भाव कागदावर त्याच दिवशी मिळतो, चुकारे खात्यात कधी पडतील ते सांगता येत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत गावोगाव मंडईच्या जत्रा, रात्रभराची नाटकं, वडशाच्या नाटक कंपन्यांची पोस्टरं, पाव्हणे, लेकीबाळी. हाती पैसा आणि समोर तिकीट खिडकी. केसीसीवाल्या घरात या काळात नवराबायकोचं एक भांडण ठरलेलं असतं. इथं भांडण मालकाची बायको, म्हणजे काकी, जिंकते. “भरून टाका जी एकडाव, झोप त लागंल,” हे तिचं दरवर्षीचं वाक्य.

वेळेवर भरण्याची बक्षिशी कार्डानं कबूल केलेली आहे, ती खोटी नाही. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज 7 टक्के, मुदतीत भरलं तर केंद्र त्यातले 3 टक्के सोडतं, उरलेल्याचा भार राज्य उचलतं, मुख्यतः पंजाबराव देशमुख योजनेतून. 2021 पासून 3 लाखांपर्यंत व्याज शून्य. बँकेचं नुकसान नाही, तिला सरकारकडून मिळतं. थकलं तरी ते लगेच डोळे वटारत नाही. धानासारख्या पिकाचं कर्ज अनुत्पादित (एनपीए) ठरायला ते दोन हंगाम थकलेलं असावं लागतं.

त्याच्या शहरी भावकीची रीत वेगळी. चंद्रपूरला महाऔष्णिक केंद्रात, कोळसा खाणीत, बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये पगारपत्रक असलेल्या माणसाला बँकेचं चकचकीत कार्ड आपणहून येतं. ते पहिले पंचेचाळीस-पन्नास दिवस फुकट वापरू देतं आणि पुढे बाकी ठेवली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतं. त्याची चूल पेटते ती बाकी ठेवणाऱ्यांवर. दर महिन्याला पूर्ण बिल भरणारा गिऱ्हाईक म्हणजे खानावळीत येऊन नुसतं पाणी पिऊन जाणारा. दुकानदाराकडून मिळणारी दलाली आहे म्हणून त्याला बसू देतात, एवढंच. आणि जो कार्ड वापरतच नाही त्याच्यासाठी तर रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियमच आहे: वर्षभराहून जास्त काळ वापर नसेल तर कळवायचं, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर खातं बंद.

कार्डं बंद करण्याची एक गाजलेली गोष्ट ब्रिटनमधली. आपल्या केसीसीच्याच वर्षी, 1998 मध्ये, तिकडे एग नावाची इंटरनेट बँक निघाली. पुढे ती सिटीग्रुपनं घेतली, आणि फेब्रुवारी 2008 मध्ये तिनं 1,61,000 ग्राहकांना कळवलं की तुमचं कार्ड बंद. कारण दिलं, तुमची जोखीम वाढली आहे. लोक खवळले. त्यातले कितीतरी जण सांगू लागले की आम्ही कधी एक हप्ता चुकवलेला नाही, दर महिन्याला पैन् पै भरतो, मग जोखीम कसली? आमच्याकडून व्याज मिळत नाही हीच तुमची अडचण. बँकेनं ते नाकारलं. कोणाचं खरं, याचा फैसला झाला नाही. कार्डं मात्र बंद झाली.

त्याच फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, 29 तारखेला, दिल्लीत पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्पात शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. अंदाज 60,000 कोटींचा. अट अशी की कर्ज 31 डिसेंबर 2007 ला थकलेलं हवं. दोन हेक्टरच्या आतल्या कास्तकाराचं थकलेलं सगळं माफ. ज्यानं आधीच्या मार्चमध्ये भरलं, त्याला काही नाही. विलायतेत नीट भरणाऱ्याचं कार्ड गेलं. इकडे कार्ड राहिलं, माफी हुकली. आमचं हे कार्ड त्या वर्षीही बेबाकच होतं. शेजारच्या घरचं थकलेलं होतं. गावाच्या पारावर तेव्हा जे हसणं झालं ते या घरानं ऐकलेलं आहे.

माफी मिळाली त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. विदर्भातल्या कास्तकारानं काय काय सोसलं ते सांगायची गरज नाही, आणि थकलेला तो लबाडच, असं म्हणणाऱ्याला बांधी कुठं असते ते दाखवायला हवं. पण सरकारी माफीला नेमकी तीच घरं दिसत नाहीत जिथं बाईनं पाटल्या मोडून मार्च साधलाय. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत माफी झाली आणि नियमित भरणाऱ्याला कर्जाच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 25,000. 2019 च्या डिसेंबरात महात्मा जोतिराव फुले योजना आली, 2 लाखांपर्यंत. नियमित भरणाऱ्याला 50,000 पर्यंत प्रोत्साहन देऊ, असं 2020 च्या मार्चमध्ये सांगितलं. मग कोरोना, मग सरकार बदललं, 2022 च्या जुलैत शासन निर्णय निघाला. अट, 2017-18 ते 2019-20 या तीन वर्षांतली किमान दोन वर्षं वेळेवर भरलेली असावीत. यादीत नाव आलं, सेवा केंद्रावर अंगठा लावून आधार पटवलं आणि पैसे आले. चांगुलपणाची रक्कम मिळवताना अंगठा दोनदा उमटला नाही, तिसऱ्यांदा उमटला. चिखलात उतरणाऱ्या बोटांच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत.

2025 च्या ऑक्टोबरात नागपूरला बच्चू कडूंचं आंदोलन झालं, 30 जून 2026 च्या आत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असं सरकारनं सांगितलं, आणि पारावर पुन्हा तोच विषय निघाला. भरायचं का थांबायचं? थांबणाऱ्याचा हिशेब सरळ आहे. भरणाऱ्याला मात्र समजावून सांगता येत नाही की तो का भरतोय.

त्यातही कार्डाच्या आयुष्यातला सगळ्यात गमतीचा प्रकार म्हणजे नवं-जुनं. मार्चमध्ये जुनं भरायचं, एप्रिलमध्ये नवं उचलायचं. कागदावर कास्तकार मध्ये काही दिवस कर्जमुक्त असतो. प्रत्यक्षात चुकारे आलेले नसतात, म्हणून पंधरवड्यासाठी पैसा कोणाकडून तरी आणावा लागतो. गावात असा पैसा देणारे असतात. त्यांना मार्चएंड बँकेपेक्षा नीट पाठ असतो. पंधरवड्याचं व्याज त्यांचं. म्हणजे शून्य टक्क्यांचं कर्ज शून्यच राहावं यासाठी व्याजानं पैसे काढायचे. पासबुकात यातलं काही दिसत नाही. भरणा, दोन रेघा, उचल.

आता घरचा मुलगा पुण्याला कंपनीत लागलाय. रोवणीच्या वेळी तो पैसे पाठवतो. मालकानं, म्हणजे काकाजींनी, त्यामुळे उचलच थांबवली. उलट धानाचे चुकारे आले तेव्हा ते केसीसीच्याच खात्यात राहू दिले, कारण त्या खात्यात शिल्लक राहिली तर बचत खात्याच्या दरानं व्याज द्यायचं असं योजनेतच लिहिलेलं आहे, आणि ते त्यांना ठाऊक होतं. कर्जाच्या कार्डात स्वतःचा पैसा ठेवून वर व्याज खाणारा माणूस गावच्या सोसायटीच्या गटसचिवानं पहिल्यांदाच पाहिला असावा. तो एक दिवस घरीच आला.

“काकाजी, थोडीशी उचल करा न जी.”

“गरज नाई त काहून उचलू?”

“गरजेचं नाई म्हनत मी. दरसाल आढावा होते. वापर नाई दिसला त मर्यादा कटते, कार्ड बी जाऊ शकते. मंग पुढं लागलं त पुन्हा पयल्यापासून.”

काकाजी गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, “जाऊ दे गेलं त.”

मग सचिवानं दुसरा मुद्दा काढला. सोसायटीची निवडणूक जवळ आलीय. बहुतेक जागा सर्वसाधारण कर्जदार गटाच्या. काकाजी मागे एकदा त्याच गटातून निवडून आलेले, या खेपेलाही पॅनेलवाले त्यांचं नाव घेतात. पण कर्जदार गटात उभं राहायचं तर कर्जदार असावं लागतं. बेबाक माणूस त्या गटात कसा बसवायचा?

हे काकाजींना लागलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“किती उचलू म्हंजे पुरंल?”

“धा हजार बी चालंल.”

आतून काकी म्हणाली, “आन त्या धा हजाराचं करनार का?”

“खात्यातच ठेवू,” काकाजी म्हणाले, “मार्चात भराले लागंल न.”