सहा आणि दहा

गेल्या आषाढातील गोष्ट. पाऊस धरून बसला होता, वीज गेली होती, आणि अशा वेळी आमच्या वहिनी छत्री मिटवीत ओसरीवर आल्या. पदराखाली काही तरी जपून आणले होते. आम्हांस वाटले, खाण्याचा डबा असेल. निघाली ती दादांच्या कॅमेऱ्याची काळी पिशवी. दादांना जाऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती, आणि तेवढ्या अवधीत ती पिशवी कोणी उघडली नव्हती.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “नात शिकायला जबलपूरला चालली आहे. मोबाइलवर नको, खऱ्या कॅमेऱ्यावर फोटो काढायला शिकेन म्हणते. नवा घ्यायचा तर पैसे फार. ह्यांचा हा आहे, तुमचाही एक कपाटात पडून आहे. दोहोंतला चांगला कोणता, ते तुम्ही सांगा. तो तिला देऊ.”

प्रश्न साधा होता. परंतु याच प्रश्नापायी आम्हां दोघा भावांत, अबोला म्हणता येणार नाही, पण अबोल्याच्या शेजारचे काही तरी बरीच वर्षे नांदले होते. वहिनींना ते कितपत ठाऊक होते, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही म्हटले, “आठ दिवस द्या. पाहून सांगतो.”

दादांचा कॅमेरा निकॉन डी ७०. हा नमुना २००४ साली बाजारात आला आणि त्यानंतर वर्षाच्या आतच दादांनी नागपुरास जाऊन तो घेतला. त्यांच्यापाशी रोलच्या जमान्यातील दोन निकॉन लेन्स होत्या. डी ७० च्या अंगातच लेन्स फिरविणारी मोटर असल्यामुळे त्या जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावरही आपोआप नेम धरीत. दादांसारख्या, जुनी वस्तू टाकणे हे पाप समजणाऱ्या गृहस्थास एवढे कारण पुरेसे होते. आमचा कॅनन ईओएस ४०० डी हा २००६ चा. आम्ही तो घेतला याचे खरे कारण एकच होते. दादांचा सहा मेगापिक्सेलचा होता, आणि हा दहाचा.

पुढे १९०७ नव्हे, २००७ सालच्या जानेवारीत (या वयात शतकांचीही गल्लत होऊ लागली आहे) आम्ही दोघे बैहरमार्गे कान्हाच्या मुक्की दरवाजातून जंगलात शिरलो. कान्हाचा हा भाग आमच्याच बालाघाट जिल्ह्यात मोडतो. तेथील बारशिंगा १९७० च्या सुमारास अवघ्या ६६ वर येऊन ठेपला होता, आणि तेथून त्यास जपून वाढविले गेले. पहाटेच्या दवात गवताबाहेर नुसती शिंगे दिसत होती. दोघांकडेही ३०० मिलिमीटरची लेन्स होती. बारशिंगा लांब होता. घरी येऊन आम्ही आमच्या चित्राचा मधला तुकडा कापून काढला, तरी शिंगांची टोके स्पष्ट राहिली. दादांच्या चित्रात तेवढा तुकडा कापताच कडा फुटू लागल्या. दादांनी मोकळेपणाने कबूल केले, “इथे तुझा जिंकला.” ही कबुली आमच्या डोक्यात गेली.

त्याच वर्षी उन्हाळ्यात गोंदियास पुतणीचा साखरपुडा होता. दादा वधूपिता, तरी गळ्यात कॅमेरा अडकवून पाहुण्यांचे फोटो काढण्याची त्यांची हौस. आम्ही व्याह्यांच्या देखत म्हणालो, “दादा, तुमचा सहाचा. निम्मे पाहुणे त्यात मावायचे नाहीत. आम्ही दहाचा आणला आहे.” मंडळी हसली. दादाही हसले, आणि कॅमेरा पिशवीत ठेवून पंगतीकडे गेले. त्यानंतर त्यांनी काढलेले एकही चित्र त्यांनी होऊन आम्हांस दाखविले नाही. आम्हीही मागितले नाही.

आता आठ दिवसांच्या परीक्षेविषयी. डी ७० ची बॅटरी मेली होती, ती नवी मागविली. दोन्ही कॅमेऱ्यांना कॉम्पॅक्टफ्लॅश नावाचे जाडजूड कार्ड लागते. त्याच्या काठाला पन्नास बारीक छिद्रे असतात आणि आजच्या संगणकांत ते शिरावयास जागा नसते. सुदैवाने आमच्यापाशी कार्ड वाचण्याचे जुने यंत्र होते. दोहोंपैकी एकातही चलचित्र निघत नाही, की फोटो काढण्यापूर्वी मागच्या पडद्यावर दृश्य दिसत नाही. डोळा खिडकीला लावल्यावाचून गत्यंतर नाही. नातीने हे ऐकून “छोटे आबा, मग फोटो खेचायचा कसा?” असे विचारले. बालाघाटच्या मराठीत फोटो काढीत नाहीत, खेचतात. ही तक्रार दादा तिच्या आईपासून करीत आले होते आणि तीही त्यांच्याबरोबरच गेली.

प्रथम आकड्यांचे पाहू. दहा हे सहाच्या जवळजवळ पावणेदोन पट, म्हणून चित्रही तेवढे मोठे असणार, अशी आमची वर्षानुवर्षांची समजूत. पण हे ठिपके लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांत वाटले जातात. दादांच्या चित्राची लांबी ३००८ ठिपके, आमच्या चित्राची ३८८८. इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने छापले तर त्यांचे चित्र दहा इंच भरते, आमचे तेरा. ज्या तीन इंचांसाठी आम्ही थोरल्या भावास चारचौघांत खाली पाहावयास लावले, ते तीन इंच पट्टीवर मोजून पाहिले. फारसे नव्हेत.

तथापि आमच्या कॅमेऱ्याचा पक्ष लंगडा आहे असे नव्हे. तो वजनाला हलका, त्याचा मागचा पडदा अडीच इंचांचा. दादांचा पडदा पावणेदोन इंचांच्या आसपास, त्यात चेहरा हसरा की रडका हे कळू नये. संध्याकाळी वैनगंगेच्या घाटावर दोन्ही नेले. दिवेलागणीस आमच्या चित्रात पाणी मऊ उतरले, दादांच्या चित्रात सावल्यांतून रांगोळीसारखे दाणे उठले. शिवाय धूळ. आमचा कॅमेरा चालू-बंद करताना आतील संवेदक थरथरवून धूळ झटकतो. दादांच्या कॅमेऱ्यात ती सोय नाही, त्यामुळे प्रत्येक आकाशात उजवीकडे वर एकच करडा ठिपका. भरवेलीची मँगनीजची खाण जवळ असलेल्या गावात धुळीची बाब हलकी समजू नये. उलट दादांच्या कॅमेऱ्यास बोटाने फिरविण्याच्या दोन चकत्या आहेत, एक पुढे, एक मागे, आणि माथ्यावर आकडे दाखविणारी छोटी काच. डोळा न काढता सारे बदलता येते. आमच्यात एकच चकती. दुसरी गोष्ट बदलावयाची तर बटण दाबून धरा.

सातव्या दिवशी पिशवीच्या आतील कप्प्यात एक कार्ड सापडले. आम्ही ते यंत्रात घातले. २०१५ सालची चित्रे निघाली, छोट्या गाडीची.

वाचकांपैकी ज्यांचे आजोळ या बाजूस असेल त्यांस ती गाडी आठवेल. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरकडे नेलेली अडीच फूट रुंदीची लाईन. गोंदियाकडचा भाग आधीच मोठा झाला होता. समनापूर, चरेगाव, लामटा अशी थांबत नैनपुरास जाणारी गाडी २०१५ साली बंद झाली. आज त्या वाटेने रुंद रुळांवरून थेट जबलपूरपर्यंत गाड्या जातात, आणि नात त्यांपैकीच एकीने जाणार होती. बंद होण्यापूर्वीच्या एका रविवारी आम्ही दोघेही स्टेशनावर गेलो होतो. भर दुपार, डोक्यावर ऊन. शेजारी शेजारी उभे राहून दोघांनी फोटो काढले आणि आपापल्या घरी गेलो.

आमची ती चित्रे आम्हांस पाठ होती. डबा निळा, आकाश निळे, आणि दारात बसलेल्या बाया, खिडकीतली पोरे, टोपीवाला गार्ड, साऱ्यांचे चेहरे काळे. उन्हाचा दोष, असे आम्ही धरून चाललो होतो. दादांच्या चित्रात तेच ऊन, तोच डबा, आणि प्रत्येक चेहरा उजळ. टोपीच्या सावलीतले गार्डाचे डोळेही दिसत होते. दादांनी भर उन्हात माथ्यावर फ्लॅश लावून पेटविला होता, हे आम्ही त्या दिवशी पाहिले होते आणि मनातल्या मनात हसलोही होतो.

यात हुशारी दादांची, पण कॅमेऱ्याचाही वाटा आहे. शटरला दोन पडदे असतात. ते फार वेगाने पळू लागले की संपूर्ण चौकट एकाच क्षणी उघडी राहत नाही, नुसती फट सरकत जाते, आणि फ्लॅशचा प्रकाश त्या फटीपुरता पडतो. म्हणून फ्लॅशसाठी वेगाची मर्यादा असते. आमच्या कॅमेऱ्यात ती सेकंदाचा दोनशेवा भाग. डी ७० चा संवेदक विजेनेच चालू-बंद होऊ शकतो, म्हणून तेथे ती पाचशेवा भाग. वेग वाढला की उन्हातही लेन्सचे छिद्र फार आवळावे लागत नाही, आणि फ्लॅश लांबपर्यंत पोहोचतो. सहा आणि दहा यांच्या वादात हा पाचशेचा आकडा आम्ही कधी वाचलाच नव्हता. आमच्याही कॅमेऱ्यात फ्लॅश होता. दोन पावले पुढे जाऊन तो उघडला असता तर काही चेहरे आमच्याही पदरी पडले असते. तोही आम्ही उघडला नाही.

दोघांचे एकेक चित्र बारा इंच लांब छापून आणले, मागे नाव न लिहिता. वहिनींपुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही हातांत धरून पाहिली, आणि विचारावे लागण्याआधीच दादांचे चित्र वेगळे ठेवले. “यात माणसे दिसतात,” त्या म्हणाल्या. मग आकाशातील करड्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा ह्यांचाच ना?”

आम्ही होय म्हटले. तीन इंचांचेही सांगितले.

वहिनी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हा फोटो मोठा करून तुम्हांला द्यायचा असे त्यांच्या फार मनात होते. दोनदा दुकानापर्यंत जाऊन परत आले. म्हणत, धाकटा पुन्हा आकडा विचारील.”

आम्ही पाण्यासाठी आत गेलो, आणि थोडे अधिक वेळ आतच थांबलो.

प्रश्नाचे उत्तर मात्र द्यावयाचे राहिले होते. सांजवेळी, खोलीत, जंगलात लांबवर आमचा चांगला. उन्हात आणि माणसांत दादांचा. जबलपुरात नात वसतिगृहाच्या खोलीत राहणार, म्हणजे सोयीच्या दृष्टीने आमचाच द्यावा, हे आम्ही वहिनींना प्रामाणिकपणे सांगितले. नात मध्येच दोन्ही उचलून पाहत होती. दादांच्या कॅमेऱ्याच्या दोन चकत्या तिने अंगठ्याने आणि बोटाने एकदम फिरविल्या, माथ्यावरचे आकडे पळताना पाहिले आणि म्हणाली, “हाच.” जड आहे, धूळ धरतो, पडदा लहान आहे, असे आम्ही एकेक सांगत गेलो. सहाचाच आहे, हे तेवढे सांगितले नाही.

निघताना कार्ड वाचण्याचे यंत्रही तिच्या पिशवीत घातले. आमच्या कॅमेऱ्यातील चित्रे आता त्याच्यावाचून बाहेर निघत नाहीत, म्हणून दुसरे मिळते का ते शोधत आहोत. परवा तिचा फोन आला. नर्मदेच्या घाटावर भर दुपारी उभी होती, चेहरे काळे येत होते. दादांचा फ्लॅश तिने नेला नव्हता. तो पिशवीच्या तळाशी राहून वहिनींकडेच गेला होता. आम्ही छत्री घेतली आणि तो आणावयास निघालो.