सायकलीमागचं बाळ

शिरूर-दौंडकडच्या माणसाला मागे जोडून ओढायची गाडी म्हणजे उसाची ट्रॉलीच ठाऊक. एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, मोळ्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेल्या, न्हावऱ्याकडून चौफुल्याकडे डुलत निघालेल्या. त्यामुळे जर्मनीत म्युन्स्टरला भाचीकडे गेले आणि जिन्याखाली सायकलीमागे दोन चाकांची कापडी पेटी जोडलेली पाहिली, तेव्हा बाजारहाटाची सोय असेल असंच वाटलं. तेवढ्यात जावईबापू बाळाला घेऊन आले आणि त्या पेटीत ठेवून पट्टे आवळू लागले.

"अगं, वारं लागेल त्याला! कानाला काही बांधलंस का?"

"मावशी, टोपी आहे त्याला. कोपऱ्यापर्यंत जाईतो झोपतो की नाही बघ."

झोपलं की हो! आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीचं दार किलकिलं ठेवायलाही आम्ही घाबरतो. आणि इथे दहा महिन्यांचं पोर थंडीत सायकलीमागे घोरतंय.

मग मी ती गाडी नीट पाहून घेतली. बाळाच्या दोन्ही खांद्यांवरून, कमरेभोवती आणि पायांमधून असे पट्टे. पुढे बारीक जाळी, म्हणजे चाकानं उडवलेला खडा तोंडावर येत नाही. पावसासाठी वरून पारदर्शक पडदा. सगळ्यात हुशारी सांध्यात. तो सायकलीच्या मागच्या चाकाच्या आसाशी असतो आणि सगळ्या बाजूंना फिरतो. सायकल आडवी झाली तरी पेटी आपल्या दोन चाकांवर उभी राहते. सांधा सुटलाच तर वेगळा पट्टा धरून ठेवतो. मागे लाल दिवा आणि उंच काठीवर झेंडा, कारण पेटी बुटकी, मोटारवाल्याच्या नजरेत भरायला हवी. नीट बसता न येणाऱ्या तान्ह्यांसाठी आत चक्क झोळी टांगायची सोय! बीड-आष्टीकडून आपल्याकडे येणाऱ्या ऊसतोड टोळीतली आई फडाच्या कडेला लेकरू झोळीत निजवून कोयता उचलते, ती झोळी मला आठवली. जर्मन झोळीला फक्त बक्कल जास्त. नावाजलेल्या कंपनीची ही गाडी हजार युरोंच्या पुढे जाते, म्हणजे आपले लाखभर रुपये. तेवढ्यात दौंडला जुनी मोटारसायकल येते आणि तिच्यावर अख्खं कुटुंब बसतं.

सायकल मीही चालवली. केडगावच्या शाळेत जायचे तेव्हाची सवय पायांना अजून होती. मला नेलं ते प्रोमेनाडवर. जुन्या शहराभोवती तटबंदी होती, ती पाडून त्या जागी साडेचार किलोमीटरचा गोल रस्ता केलेला, दोन्हीकडे लिंडेनची झाडं आणि मोटारींना मज्जाव. वकील, विद्यार्थी, माझ्या वयाच्या बायका, सगळे सायकलवर. आणि मधूनमधून झेंडे हलवत चाललेल्या बाळांच्या गाड्या. एकीत तर दोन बाळं शेजारी शेजारी बसून बिस्किटावरून भांडत होती. रेल्वे स्टेशनासमोर जमिनीखाली ३,३०० सायकलींचा तळ आहे, १९९९ पासूनचा. दौंड जंक्शनच्या बाहेर सकाळच्या पुणे गाडीच्या वेळी मोटारसायकलींची जी गर्दी असते, ती इथे सायकलींची.

पण माझे डोळे खरे विस्फारले ते साध्या गल्लीत. मागून मोटार आली. मी घाबरून सारखी वळून पाहत होते, आता हॉर्न वाजणार, आता घासून जाणार. काही नाही. गल्ली अरुंद होती, म्हणून तो गृहस्थ बाळाच्या गाडीमागे सायकलीच्या वेगानं गुपचूप येत राहिला. जावईबापूंनी मग कायदा सांगितला: सायकलीला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर २ मीटर अंतर सोडायचंच, ट्रेलरमध्ये सात वर्षांच्या आतली दोनच मुलं, आणि ओढणारा किमान सोळा वर्षांचा. कायदे आपल्याकडेही कमी नाहीत. दुचाकीवर चार वर्षांखालचं मूल असेल तर त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवं आणि वेग ४० च्या आत हवा, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्येच निघाला आहे. तो पट्टा मी दौंडच्या बाजारात अजून पाहिलेला नाही. पोर टाकीवर बसवून निघालेले बाप मात्र रोज दिसतात.

सगळंच गोड नव्हतं. समोरून वारा आला की जावईबापूंची दमछाक व्हायची. म्युन्स्टर सपाट आहे म्हणून निभतं. दिवेघाटात हे चोचले चालायचे नाहीत.

भाची दिवाळीला येणार आहे. ट्रेलरची घडी होते, विमानात आणता येईल, आईकडे न्हावऱ्याला जाताना बाळाला त्यातून नेऊ, असा तिचा बेत. मी साफ नको म्हटलं. दिवाळी म्हणजे गाळपाचं तोंड. रात्री त्या रस्त्यावर उसाची ट्रॉली अंगावर येईतो दिसत नाही. कित्येकींच्या मागे ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. दहा-बारा किलोच्या बाळाच्या गाडीला लाल दिवा आणि झेंडा, आणि वीस-वीस टनांचा ऊस अंधारात! दोन्ही तालुक्यांतल्या साखर कारखान्यांनी यंदा एवढं करावं: मागे दिवा आणि लाल पट्टी नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊच नये.