सहावा मुलगा

आमच्या अफजलपूर तालुक्यात गाणगापूरच्या दत्तदर्शनास दूरदूरचे यात्रेकरू येतात. तेथील माधुकरीचे माहात्म्य आम्हां मराठी घरांना लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणूनच, एका मराठी संतपुरुषाने जेथे धान्याऐवजी भूमी मागितली, ते तेलंगणातील पोचमपल्ली एकदा पाहावे, असे फार दिवस मनात होते. कलबुर्गीहून आगगाडीने हैदराबाद व तेथून मोटारीने पूर्वेकडे सुमारे ४० किलोमीटर, एवढाच हा प्रवास. १९५१ साली ही दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती.

गाव विणकरांचे. येथील इकत साड्या सर्वदूर जातात; 'भूदान' हा शब्द मात्र गावाच्या नावातच जाऊन बसला आहे. विनोबा मंदिरापाशी उभे राहिलो, तेव्हा सारी हकीकत डोळ्यांपुढे आली. पवनारहून पायी शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास आलेले विनोबा तेथून तेलंगणात निघाले. जमिनीपायी तेथे रक्त सांडत होते. १८ एप्रिल १९५१ रोजी येथील ४० भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर मागितले; निम्मी जिरायत, निम्मी बागायत. घरटी दोनच एकर! विनोबांनी ग्रामस्थांपुढे शब्द टाकला आणि व्ही. रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले.

अमेरिकेच्या सरकारनेही १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकरांपर्यंत जमीन दिली. पण ती तेथील मूळ रहिवाशांची हिरावलेली होती. येथे धन्यानेच आपल्या हाताने दिली.

मात्र विनोबांच्या लेखी ही माधुकरी नव्हती. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा व माझा वाटा द्या, असे ते जमीनदारांना सांगत. भिक्षेकरी उंबऱ्याबाहेर उभा असतो. मुलगा घरात बसून हक्काने मागतो.

पाच कोटी एकरांचा संकल्प होता. मिळाले ४० लाखांहून थोडे अधिक. त्यातलीही बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. दान कागदावर झाले, तरी बैल, विहीर आणि सातबारा यांवाचून शेत उभे राहत नाही.

आपल्यापैकी कित्येकांची गावाकडची जमीन आज दुसऱ्याच कुणाच्या घामावर पिकते. घरच्या वाटण्या होताना त्या राबणाऱ्याचे नाव कुणी काढते काय? पोचमपल्ली पाहून आलेल्याने एवढे तरी स्वतःस विचारावे.